भोंगा वाजतोय, उठतंय कोण?

रात्री अडीचला गाडीचा भोंगा वाजतो. गल्लीतले वीस-पंचवीस जण जागे होतात. सगळे कान देतात, आवाज आपल्या गाडीचा नाही याची खात्री करून घेतात आणि कूस बदलतात.

चोराला एवढंच हवं असतं.

सकाळी दूधवाल्याला आधी दिसतं. मागच्या दाराची काच फुटलेली, सीटवर आणि रस्त्यावर साबुदाण्यासारखा काचेचा चुरा. बाजूच्या काचा टफन्ड असतात, त्यांचे मोठे तुकडे होत नाहीत, असा चुराच होतो. गाडीमालक केरसुणीने तो सुपलीत भरत असतो, तेवढ्यात समोरच्या गॅलरीतून सहानुभूती येते, "रात्री आवाज आला होता हो. मला वाटलं, मांजर असेल."

मांजराने काच फुटत नाही, हे सांगणाऱ्यालाही माहीत असतं. उठायचं नव्हतं, एवढंच खरं.

आपलं जालना बदललं. 1 मे 1981 रोजी जिल्हा झाला तेव्हा गल्लीत एखादी जीप असायची आणि ती कोणाची, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं. मग बियाण्यांनी पैसा आणला, सळईच्या कारखान्यांनी आणला, मोसंबीने आणला. पैशामागून चारचाकी आली. डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि तो जालन्यावरूनच गेला. गाडी घेण्याची हौस आणखी वाढली.

गाडी आली, जागा कुठे आहे? अंगणात खोली काढली, खोलीत भाडेकरू ठेवला, गाडी रस्त्यावर गेली. बारा लाखांची गाडी रात्रभर उघड्यावर आणि तिच्यावर उजेड पाडणारा बल्ब कोणाच्या मीटरवर लावायचा, यावरून तीन घरांत अबोला.

अंधार आपण स्वतः विकत घेतलाय.

चोर काय नेतो? सीटवर राहिलेली बॅग, लॅपटॉप, म्युझिक सिस्टीम, स्टेपनी, बॅटरी. ट्रॅक्टर असेल तर बॅटरी, ट्रक असेल तर टाकीतलं डिझेल. गाडी जागेवरच असते, म्हणून लोक म्हणतात, "चला, गाडी तरी वाचली." हे समाधान चोराच्या फार सोयीचं आहे. तक्रार होत नाही, तपास होत नाही आणि पुढच्या आठवड्यात पलीकडच्या गल्लीत तोच हात तीच काच फोडतो.

काही वर्षांपूर्वी राज्यात इको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जायला लागले. लोकांना कळेना, सायलेन्सर कशाला कोण नेईल? धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेत प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियम हे महागडे धातू असतात. इको जमिनीपासून उंच, खाली शिरायला सोपी. शाळेच्या पोरांची ने-आण करणारा, हप्त्यावर गाडी घेतलेला माणूस सकाळी चावी फिरवतो आणि गाडी रणगाड्यासारखी गरजते. त्या दिवशीचा धंदा बुडतो. पोरं शाळेत उशिरा पोचतात.

आपल्या गाडीखाली काय आहे, हे चोराला माहीत आहे. आपल्याला शेजारी काय करतो हेही माहीत नाही.

"विमा आहे ना!" हे आणखी एक पांघरूण. साध्या विम्यात गाडी आणि तिचे भाग येतात. आत ठेवलेला लॅपटॉप, कागदपत्रं, बायकोची पर्स येत नाही, त्यासाठी वेगळा हप्ता भरून वेगळं कलम घ्यावं लागतं. पॉलिसी काढून वाचलीय कोणी? ती गाडीच्या कप्प्यातच असते. चोर वाचतो तेवढीच.

मग ठरलेला प्रश्न येतो, पोलीस काय करतात?

विचारा, जरूर विचारा. गस्त घालणं त्यांचं कामच आहे आणि ते झालंच पाहिजे. पण एका ठाण्याच्या हद्दीत किती वसाहती, किती वाड्या, किती ढाबे, किती किलोमीटर रस्ता? एक जीप एका रात्रीत तुमच्या गल्लीत किती वेळा येणार? एकदा आली तरी पाच मिनिटांसाठी. उरलेली रात्र गल्लीचीच असते.

आणि गल्ली झोपलेली असते.

काही जण म्हणतील, आम्ही कॅमेरे बसवलेत. चांगलं केलंत. वाहनतळांवर कॅमेऱ्यांचा चांगला उपयोग होतो, असं परदेशातले अभ्यास सांगतात. पण तिथे कॅमेऱ्याबरोबर उजेड असतो, कुंपण असतं, पहारेकरी असतो. आपल्याकडे कॅमेरा एकटा असतो. सकाळी चित्रीकरण काढलं की तोंडाला रुमाल बांधलेला एक माणूस दिसतो. तो व्हिडिओ गल्लीच्या गटावर फिरतो, हळहळ होते, दोन दिवसांनी विषय संपतो.

कॅमेरा पाहतो. धावून माणूसच येतो.

दुसरे म्हणतील, आमच्याकडे गुरखा आहे. आहे. काठी आपटत, शिट्टी वाजवत तो फिरतो. शिट्टीने झोपलेल्याला धीर येतो आणि चोराला पहारा नेमका कुठल्या टोकाला आहे ते कळतं. अख्ख्या वसाहतीला एक माणूस, हातात काठी, खिशात कोणाचा नंबर नाही. महिन्याअखेरी तो पैसे मागायला दारात येतो तेव्हा अर्धी घरं आतून ओरडतात, "नंतर ये." त्याच्याकडून मात्र अपेक्षा अशी, की कोणाची काच फुटू नये.

आपली झोप इतक्या स्वस्तात दुसऱ्याच्या डोळ्यांवर टाकता येत नाही.

जांबसमर्थ आठवतंय? घनसावंगी तालुक्यातलं समर्थ रामदासांचं जन्मगाव. ऑगस्ट 2022 मध्ये तिथल्या मंदिरातून राम, लक्ष्मण, सीतेच्या मूर्ती रातोरात गेल्या. गाव हादरलं, जिल्हा हादरला, विषय विधानसभेत गेला. पुढे ऑक्टोबरात पोलिसांनी आरोपी पकडले, मूर्ती मिळाल्या. आनंद झाला, व्हायलाच हवा होता.

पण चोराने देव उचलला, मग तुमची स्टेपनी तो का सोडेल?

आता मुद्द्यावर येतो. काच फुटल्यावर काय करायचं, हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा, की चोराला आपल्या गल्लीत पाय टाकावासा का वाटतो? कारण त्याला तिथे कोणी ओळखत नाही आणि तिथे कोणी कोणालाच ओळखत नाही. अनोळखी माणूस अनोळखी गल्लीत खपून जातो. ओळखीच्या गल्लीत तो उठून दिसतो.

हा केवळ अंदाज नाही. शेजाऱ्यांनी मिळून लक्ष ठेवायची चळवळ अमेरिकेत 1972 पासून रुजली, ब्रिटनमध्ये 1982 साली चेशायरमधल्या मॉलिंग्टन या खेड्यात सुरू झाली. पुढे बेनेट, होलोवे आणि फॅरिंग्टन या अभ्यासकांनी अनेक ठिकाणचे आकडे एकत्र केले. 2008 साली त्यांनी निष्कर्ष मांडला, की अशा वस्त्यांत गुन्हे 16 ते 26 टक्क्यांनी कमी झाले. रस्त्यावरच्या दिव्यांचा असाच अभ्यास झाला. तिथे घट सुमारे 21 टक्के.

दिव्यांच्या अभ्यासात एक गंमत निघाली. उजेड वाढला तिथे रात्रीचे गुन्हे घटलेच, दिवसाचेही घटले. दिवसा दिव्याचा काय उपयोग? अभ्यासकांचं म्हणणं असं, की दिवे लागले म्हणजे कोणीतरी या वस्तीची काळजी घेतंय, हे लोकांना दिसलं. लोक बाहेर बसू लागले, वस्ती आपली वाटू लागली.

चोराला नेमकी ही आपली वाटणारी वस्ती नको असते.

जालना नगरपालिकेची 2023 मध्ये महापालिका झाली. गल्लीतला दिवा बंद पडला तर कुठे कळवायचं, हे तुमच्या घरात कोणाला माहीत आहे? खांबावर क्रमांक असतो. तो टिपून तक्रार द्यायला दोन मिनिटं लागतात. चार महिने अंधारात चाचपडणारे लोक ही दोन मिनिटं एकमेकांवर ढकलतात.

गावांसाठी तर कायद्यातच सोय आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 मधलं कलम 63-ब वाचा. पोलीस अधीक्षक गावात स्वयंसेवकांचं ग्रामसुरक्षा दल उभं करू शकतात. नावं ठाण्यात नोंदवलेली, काम ठरलेलं, वर पोलिसांची देखरेख. नाशिक, पुणे, नगरकडे ग्रामसुरक्षा यंत्रणा वापरतात, एका फोनवर परिसरातल्या सगळ्या नोंदलेल्या मोबाइलवर सूचना जाते. चोर शिरला की गाव उठतं, आग लागली तरी उठतं, बिबट्या आला तरी उठतं.

साधन आहे, कायदा आहे. नोंदवायला जायचं कोणी, यावर गाडं अडतं.

पण थांबा. गाव उठतं, एवढ्यावर हरखून जाऊ नका. उठलेलं गाव काय करतं, हेही आपण पाहिलंय.

जून 2018. शेजारच्या जिल्ह्यातल्या वैजापूर तालुक्यातलं चांडगाव. दरोडेखोर फिरताहेत अशी हवा होती, माणसं रात्री जागत होती. जमावाने काही जणांना चोर समजून मारलं. दोघांचा जीव गेला. तीनच आठवड्यांनी, 1 जुलैला, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, मंगळवेढ्याकडचे. 16 एप्रिल 2020, पालघरमधलं गडचिंचले. टाळेबंदीतली रात्र, अफवांचं पीक, दोन साधू आणि त्यांचा चालक ठार.

तिन्ही ठिकाणी जमावाला वाटत होतं, आपण गाव राखतोय.

आपल्याकडेही 2024 च्या पावसाळ्यात आकाशात ड्रोन दिसू लागले. अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीपासून पार बीडपर्यंत चर्चा एकच, चोर ड्रोनने टेहळणी करतात. माणसं काठ्या घेऊन गच्चीवर. पोलिसांनी परोपरीने सांगितलं, अफवांवर विश्वास ठेवू नका. लोक रात्रभर आकाशाकडे बघत बसले.

आकाशातून कोणी बॅटरी काढून नेत नाही. चोर रस्त्याने येतो, उजेड टाळून येतो, शिट्टीच्या उलट दिशेने येतो.

आणि रात्री रस्त्यावर दिसणारा प्रत्येक माणूस चोर असतो का? कृषिपंपाची वीज आळीपाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की हरभऱ्याला पाणी द्यायला शेतकरी एक वाजता बॅटरी घेऊन मोटारसायकलवर निघतो. सळईच्या कारखान्यात रात्रपाळी सुटते, बिहार-उत्तर प्रदेशातली पोरं चालत खोलीवर येतात. त्यांची बोली वेगळी, चेहरे अनोळखी. ऊसतोडीच्या टोळ्या पहाटे निघतात. पालं ठोकून राहिलेल्या भटक्यांवर तर पहिला संशय ठेवलेलाच.

1871 च्या इंग्रजी कायद्याने अख्ख्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला. गस्तीच्या डोक्यातून तो केव्हा जाणार?

हे फक्त आपल्याकडचं नाही. फेब्रुवारी 2012 मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या सॅनफर्ड गावी वस्तीची गस्त घालणाऱ्या स्वयंसेवकाने ट्रेव्हॉन मार्टिन या सतरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला गोळी घातली. मुलाकडे शस्त्र नव्हतं. जवळच वडील राहायला होते, तो तिकडेच परतत होता. फोन केल्यावर लांबूनच पाहायचं, एवढा साधा नियम त्या स्वयंसेवकाने पाळला असता तर तो आज तिशीत असता.

म्हणून गस्तीचे नियम आधी ठरवा, काठ्या नंतर शोधा. खरं तर काठ्या शोधूच नका.

पहिला नियम: हातात बॅटरी, खिशात फोन, दुसरं काही नाही. संशय आला की 112. महाराष्ट्रात हा क्रमांक 2021 पासून सुरू आहे. उजेड टाका, आवाज द्या, गाडीचा नंबर टिपून घ्या. चोराला पळून जावंसं वाटलं, तर तुमची रात्र यशस्वी झाली.

दुसरा: डोळ्यांदेखत चोरीसारखा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला पकडायचा अधिकार सामान्य माणसालाही आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 40 तो देतं. त्याच कलमात हेही लिहिलंय, की विनाकारण वेळ न घालवता, फार तर सहा तासांत त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. खांबाला बांधायचं, व्हिडिओ काढायचा, हात साफ करून घ्यायचे, यातलं काहीही त्यात नाही. तसं केलंत तर चोर साक्षीदार होतो आणि तुम्ही आरोपी.

तिसरा: पाळी सगळ्यांची. पूर्वी गावात जागायचं काम एका समाजाच्या माथी मारलं होतं. बाकी गाव ढाराढूर. या महार वतनाविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडलं, ते उगाच नाही. आजच्या वसाहतीतही डॉक्टरसाहेब, वकीलसाहेब आणि शेठजी यांना पाळी माफ असेल आणि भाडेकरू, शिपाई, रिक्षावाला यांनी जागायचं असेल, तर ती गस्त दोन आठवडेही टिकणार नाही.

हिशेब करून पाहा. तीस घरं. रोज चौघे, दोघे 12 ते 2, दोघे 2 ते 4. एका घराची पाळी साधारण आठवड्यातून एकदा येते, तीही दोन तासांची. एवढा वेळ तर आपण मोबाइलवर बोट फिरवण्यात घालवतो.

"पण आम्हाला सकाळी कामं असतात!" ज्याची काच फुटते त्यालाही असतात.

चौथा: बायकांना विचारा. गल्लीत कोण नवीन आलं, कुठली गाडी तीन दिवस हललेली नाही, कोणता माणूस दुपारी घरांचे नंबर विचारत फिरला, हे त्यांना आधी कळतं. बैठक मात्र रात्री नऊला फक्त पुरुषांची भरते आणि सुरक्षेचा ठराव होतो. माहिती एका खोलीत, ठराव दुसऱ्या खोलीत.

पाचवा: गाडी रिकामी ठेवा. रोज, न चुकता. सीटवर पिशवी नको, चार्जर लोंबत नको, काच बोटभरही खाली नको. आत काही नाही हे बाहेरून दिसलं, तर काच फोडायचं कारण उरत नाही. हे करायला ना गस्त लागते, ना वर्गणी, ना ठराव. मग का होत नाही?

कारण चोरी नेहमी दुसऱ्याकडे होते, अशी प्रत्येकाची समजूत असते.

सहावा, आणि सगळ्यांत टाळला जाणारा: तक्रार द्या. "जाऊ द्या हो, दोन हजारांसाठी कोण ठाण्याच्या पायऱ्या चढणार?" असं दहा जण म्हणतात, म्हणून त्या गल्लीत कागदोपत्री एकही चोरी नसते. चोरी नाही म्हणजे गस्त नाही. मागणार कुठल्या तोंडाने? नव्या नागरिक सुरक्षा संहितेने कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, हद्दीचं कारण चालत नाही. ऑनलाइन माहिती देऊन तीन दिवसांत सही करता येते. टोळी असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 112 आहे, त्यात वाहनातून केलेल्या चोरीचा नावानिशी उल्लेख आहे, शिक्षा एक ते सात वर्षं.

मदतीचा क्रमांक 112, टोळीचं कलमही 112. लक्षात ठेवायला याहून सोपं काय असणार?

गस्त सुरू होते तेव्हा उत्साह दांडगा असतो. पहिल्या रात्री वीस जण, चहा, भजी, फोटो. आठव्या रात्री चौघे. विसाव्या रात्री एक जण, तोही खुर्चीवर पेंगलेला. चोर विसाव्या रात्रीची वाट पाहतो, त्याला घाई नसते. म्हणून वीस जणांचा धडाका नको, चौघांची सवय हवी. फोटो नकोत, वही हवी. कोण आलं, किती वाजता, काय दिसलं, वहीत दोन ओळी. महिन्याने ती वही ठाण्यातल्या साहेबांपुढे ठेवा. "आमच्याकडे गस्त वाढवा" या तोंडी विनवणीपेक्षा तिचं वजन जास्त पडतं.

लग्नसराईत मंगल कार्यालयाबाहेर गाड्यांची रांग लागते, दिवाळीत घरं कुलपात जातात, उन्हाळ्यात माणसं गच्चीवर झोपतात आणि खालचं अंगण मोकळं पडतं. चोराच्या भिंतीवर हे कॅलेंडर टांगलेलं आहे. आपल्या गल्लीनेही ते टांगावं. गावाला जाताना शेजारी सांगून जावं, गाडीची एक चावी विश्वासाच्या घरी ठेवावी. यात कमीपणा कसला? आपले आजोबा अख्खं घर शेजाऱ्यावर टाकून पंढरीला जात होते.

ज्या गल्लीत समोरच्याशी पार्किंगवरून भांडण आणि शेजाऱ्याशी गटारीवरून कोर्टबाजी चालू आहे, तिथे सोळा कॅमेरे लावले तरी काच फुटणारच. हे कटू आहे, पण खरं आहे. चोर आधी आपल्यातली फट पाहतो, मग गाडीची काच.

येत्या रविवारी एक काम करा. वही घेऊन आपल्या गल्लीत घरोघरी जा. नाव, फोन नंबर, गाडीचा क्रमांक लिहून घ्या. भाडेकरूचंही घ्या, ज्याच्याशी अबोला आहे त्याचंही घ्या. यादीची एक प्रत ठाण्यात द्या, बंद दिव्याच्या खांबाचा क्रमांक पालिकेत द्या आणि पाळ्यांच्या यादीत पहिलं नाव स्वतःचं लिहा.